कुवेतहून आलेली म्होरकी : परदेशातून परतलेला ड्रेसर आणि आमच्या पशू रुग्णालयातले चौदा दिवस

हे प्रकरण नागपूरच्या वेशीवरच्या एका खासगी पशू रुग्णालयातलं आहे. परदेशातल्या गोठ्यातून आलेल्या माणसामुळे लाळ खुरकूत, म्हणजे तोंडात आणि खुरांत फोड आणणारा जनावरांचा साथीचा रोग, आमच्याकडे शिरल्याची भीती होती. माणसांची, गावांची आणि रुग्णालयाची ओळख काढून टाकली आहे. घडलं तो क्रम तसाच ठेवला आहे. मोठ्या जनावरांचा विभाग माझ्याकडे आहे, त्यामुळे इथले बरेचसे निर्णय माझे आहेत आणि चुकाही माझ्याच आहेत.

पार्श्वभूमी

शहर संपून शेतं सुरू होतात तिथे आमचं रुग्णालय आहे. पुढच्या इमारतीत कुत्री-मांजरं, मागे मोठ्या जनावरांचा गोठा, तपासताना जनावर अडकवून ठेवायचे दोन खोडे आणि दाखल जनावरांसाठी बारा जागा. काटोल, कळमेश्वर, हिंगणा, कामठी या भागांतून गवळाऊ गाई-बैल, नागपुरी म्हशी आणि बेरारी शेळ्या येतात. तीन डॉक्टर, दोन कंपाउंडर आणि जनावर धरणारे, मलमपट्टी करणारे चार ड्रेसर असा कर्मचारीवर्ग. झाडलोट करणारी माणसं कंत्राटदारामार्फत येतात. ड्रेसर रोजंदारीवर. रजा घेतली की त्या दिवसाचा पगार नाही. ही बाब पुढे महत्त्वाची ठरली.

संसर्गाबद्दल आम्ही बेफिकीर नव्हतो. २०२२ मध्ये लंपीच्या साथीत राज्यातले जनावरांचे बाजार बंद झाले, तेव्हा गोठ्याच्या दाराशी पाय बुडवायची उथळ टाकी बांधून घेतली. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्याच गोरेवाड्याच्या वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. भोपाळच्या उच्च सुरक्षा प्राणीरोग संस्थेनं ते एच५एन१ बर्ड फ्लूचे बळी असल्याचं सांगितलं, तेव्हा आमच्या सगळ्यांच्या काळजाचा ठोका चुकला होता. त्यानंतर दाखल कुत्र्या-मांजरांना घरून कच्चं चिकन आणायची बंदी केली, आजारी जनावर वेगळं ठेवायला मागची पडवी तयार केली.

पण हे सगळे नियम जनावराकडे बघून केलेले होते. जनावर कुठून आलं, त्याला ताप आहे का, शेजारी कुणी आजारी आहे का, हे सगळं केसपेपरवर होतं. त्या जनावराला धरणारा माणूस कुठून आला, हे विचारायची जागा कुठेच नव्हती. नागपूरहून आखातात जायला आता मुंबई गाठावी लागत नाही, एका रात्रीत माणूस परत येतो. आमच्या कर्मचाऱ्यांच्याच घरांतली चार-पाच माणसं तिकडे कामाला आहेत. तरीही हे कधी सुचलं नाही.

काय घडलं

आमचा एक ड्रेसर, वय तिशीच्या आतबाहेर, जनावराला शांत करण्यात सगळ्यांत तरबेज. जुलै २०२५ मध्ये तो तीन आठवड्यांची रजा घेऊन कुवेतला मोठ्या भावाकडे गेला. भाऊ तिथल्या एका दुग्धशाळेत कामाला. रजेच्या अर्जावर लिहिलं होतं : 'घरगुती काम'.

तो रविवारी, १० ऑगस्टला पहाटे नागपुरात उतरला. घरी जाऊन आंघोळ केली, दिवसभर झोपला. सोमवारी सकाळी आठला कामावर हजर. तीन आठवडे हातात एक पैसा आला नव्हता, आणखी एक दिवस बुडवणं त्याला परवडणारं नव्हतं. धुतलेला गणवेश घातला होता. पण रजेच्या काळात त्याचे गमबूट दुसऱ्या मुलानं घेतले होते, म्हणून गोठ्यात तो स्वतःच्याच कॅनव्हासच्या बुटांवर उतरला.

तीन-सव्वातीन तासांत त्याच्या हाताखालून अकरा जनावरं गेली. खुरात गळू झालेला एक बैल, शिंग मोडलेला दुसरा, दोन गाई, एक म्हैस, सहा शेळ्या. बैलांची नाकं धरून त्यानं त्यांची डोकी छातीशी दाबून ठेवली होती.

अकरा-सव्वाअकराला चहा झाला. गप्पांत तो कंपाउंडरना म्हणाला, "तिकडच्या गाईच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या काका. आन् खुरं अशी, की पाय टेकवत नोहोत्या." आमचे कंपाउंडर या कामात तीस वर्षं आहेत. त्यांनी कप तसाच खाली ठेवला आणि ते माझ्याकडे आले.

इथे माझ्या हातून पहिली चूक झाली. मी भराभर बाहेर आले आणि सगळ्यांसमोर विचारलं, "तू तिथे गाईंना हात लावला होतास?" त्याचा चेहरा उतरला. "नाई मॅडम. मी तं फकस्त भावाकडं राहत होतो." तो खोटं बोलतोय हे आम्हा दोघांनाही कळत होतं. कंपाउंडर काकांनी मला डोळ्यांनी थांबवलं, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला मागच्या निंबाखाली घेऊन गेले. दहा मिनिटांनी परत आले तेव्हा सगळं कळलं होतं.

भावाची खोली गोठ्याच्या मागेच होती. माणसं कमी पडत होती, म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून हा रोज हाताखाली काम करत होता. शेवटच्या पाच-सहा दिवसांत काही गाईंना लाळ सुटली, तोंडात फोड आले, दूध आटलं. तिथले डॉक्टर येऊन नमुने घेऊन गेले. निकाल काय आला ते याला ठाऊक नव्हतं. शनिवारी सकाळी, निघायच्या दिवशीही, यानं गव्हाणी साफ केल्या होत्या. पायात हेच बूट होते. आणि घरी पिशवीत एक म्होरकी, म्हणजे बैलाच्या तोंडाभोवती बांधायचा साज, होती. लोकर आणि चामड्याची, रंगीत गोंड्यांची, भावानं फावल्या वेळात गोठ्यात बसून वळलेली. गावाकडच्या बैलासाठी, पोळ्याला.

पोळा २२ तारखेला होता. अकरा दिवसांवर.

अडचण नेमकी कोणती होती

'लाळ खुरकूत आपल्याकडे आहेच की, मग एवढं काय?' हा प्रश्न त्या दिवशी मला चार जणांनी विचारला, त्यांत आमचे एक विश्वस्तही होते. प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर नीट देते.

लाळ खुरकूत हा एक रोग दिसत असला तरी त्याच्या विषाणूचे सात प्रकार आहेत : ओ, ए, सी, एशिया-१ आणि सॅट-१, २, ३. एका प्रकाराची लस किंवा एका प्रकारातून बरं झालेलं शरीर दुसऱ्या प्रकारापासून वाचवत नाही. आपल्याकडे ओ, ए आणि एशिया-१ फिरतात. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात गाई-म्हशींना दर सहा महिन्यांनी टोचली जाते ती लस याच तीन प्रकारांची आहे. सॅट हे मूळचे आफ्रिकेतले प्रकार. २०२५ मध्ये इराक, बहरीन आणि कुवेतमध्ये सॅट-१ सापडला होता, आणि मे महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं त्याबद्दल इशाराही दिला होता. तो इथे उतरला तर आपली कानात बिल्ला मारलेली, लस टोचलेली जनावरंसुद्धा त्याच्यापुढे उघडी आहेत.

त्या दुग्धशाळेत सॅट-१ होता का? आम्ही भावाला व्हिडिओ कॉल केला. मुकादम म्हणतो जुनी लस चालली नाही, एवढंच त्याला माहीत होतं. कागदावर खात्रीचं काही मिळालं नाही, आणि पुढचे सगळे निर्णय त्या अर्धवट माहितीवरच घ्यावे लागले.

माणूस हा विषाणू कसा वाहून आणतो, हेही समजून घ्यायला हवं. माणसाला हा रोग सहसा होत नाही. पण आजारी जनावरांजवळ वावरलेल्या माणसाच्या नाकात विषाणू काही काळ टिकू शकतो. एका जुन्या प्रयोगात तो एका माणसाच्या नाकात २८ तासांनीही सापडला होता. म्हणूनच अनेक देशांतली पशुवैद्यकीय महाविद्यालयं बाहेरच्या गोठ्यातून आलेल्यांना पाच दिवस जनावरांपासून लांब ठेवतात, काही ठिकाणी सात दिवस. आमच्या माणसानं शेवटचा हात लावून दोन दिवस झाले होते, मध्ये अंघोळ झाली होती. त्यामुळे मला नाकापेक्षा बुटांची भीती जास्त वाटली. शेणमातीत, लाळेत, ओलाव्यात हा विषाणू नाकापेक्षा कितीतरी जास्त दिवस तग धरतो. आणि ते बूट सकाळभर आमच्या गोठ्यात फिरले होते.

त्यातच मला दाराशी असलेली टाकी आठवली. ती फिनाईलनं भरलेली होती.

फिनाईल हे आपल्या प्रत्येक जनावरांच्या दवाखान्याचं आवडतं औषध. वास आला की स्वच्छ झाल्यासारखं वाटतं. पण लाळ खुरकुतीच्या विषाणूवर त्याचा भरवसा धरता येत नाही, आणि शेणाची घाण मिसळली असेल तर नाहीच नाही. हा विषाणू खचतो तो आम्लात किंवा अल्कात. पीएच ६ च्या खाली किंवा ९ च्या वर गेला की तो मरतो. म्हणजे धुण्याचा सोडा चालतो, सायट्रिक आम्ल चालतं. हे मी महाविद्यालयात शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. टाकीत फिनाईल ओतताना तीन वर्षांत एकदाही आठवलं नाही.

समोरचे पर्याय

दुपारी एकच्या सुमारास आम्ही सहा जण बसलो.

पहिलं मत असं, की ड्रेसरला आठवडाभर घरी पाठवावं, गोठा धुवावा आणि गप्प राहावं. जनावरांना काही लक्षण नाही, निकाल माहीत नाही, उगाच गावांत घबराट कशाला? विश्वस्तांना पेपरात नाव येईल ही चिंता होती. त्यांना मी दोष देत नाही. लोकांच्या देणग्यांवर गोठा चालतो, आणि एकदा 'तिथे रोग आला' असं पसरलं की माणसं जनावर आणत नाहीत. पण गप्प राहिलो आणि अकरापैकी एका जनावराला जरी रोग निघाला असता, तर ते पोळ्याच्या तोरणाखाली पन्नास-शंभर बैलांना खेटून उभं राहिलं असतं. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला दोन ते चौदा दिवस लागतात. पोळा नेमका त्या मुदतीत येत होता. हा मुद्दा मांडल्यावर खोलीतली चर्चा बदलली.

दुसरं टोक म्हणजे सगळं रुग्णालय चौदा दिवस बंद. तरुण डॉक्टरांचं हे मत होतं, आणि नियमाच्या पुस्तकाला धरून होतं. पण कुत्र्या-मांजरांना हा रोग होत नाही, आणि पुढच्या इमारतीचा रस्ता वेगळा आहे.

आम्ही मधला मार्ग घेतला. मोठ्या जनावरांचा विभाग दोन दिवस बंद ठेवून निर्जंतुक करायचा. दाखल जनावरं चौदा दिवस हलवायची नाहीत. घरी गेलेल्या जनावरांच्या मालकांना खरं सांगायचं. आणि तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना त्याच दिवशी कळवायचं. या शेवटच्या मुद्द्यावर वाद झाला. २००९ चा प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांचा कायदा जनावर रोगी असल्याची शंका आली की कळवायला सांगतो. आमची शंका जनावरावर नव्हती, एका जोडी बुटांवर होती. मग कळवायचं कशाला? मी म्हणाले, शंका खरी ठरेल त्या दिवशी त्यांच्या हातात आमची यादी आधीच असली पाहिजे. फोन केला. साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, "अकराही जनावरांचे बिल्ले नंबर आहेत का?" आठांचे होते.

काय केलं

ड्रेसरला रुग्णालयातच पुन्हा अंघोळ करायला लावली. साबणानं केस, नखांखाली ब्रश, नाक शिंकरून पाण्यानं स्वच्छ. गणवेश उकळत्या पाण्यात. बुटांचे तळ आधी ब्रशनं घासून सगळी माती काढली, कारण मातीच्या थराखाली कोणतंच औषध पोचत नाही. मग ४ टक्के धुण्याच्या सोड्यात बुडवले. दहा लिटरच्या बादलीला चारशे ग्रॅम. खाण्याचा सोडा नव्हे, धुण्याचा. आमच्या एका मुलानं दुकानातून आधी चुकीचाच आणला होता. दाराची टाकी रिकामी करून त्याच द्रावणानं भरली आणि दर सकाळी बदलायचं ठरवलं. खोडे, गव्हाणी, भिंतीचा खालचा भाग आधी घासून धुतला, मग सोडा. नाकातला चिमटा आणि दोर वेगळे भिजवले.

त्याला पाच दिवस घरी राहायला सांगितलं, आणि त्या पाच दिवसांचा पगार द्यायचा असं मी तिथेच जाहीर केलं. विश्वस्तांची परवानगी नंतर घेतली. ती मिळाली नसती तर मी स्वतः दिला असता. शिवाय ताप, खोकला आला तर लगेच फोन करायचा आणि डॉक्टरांना कुवेतहून आल्याचं सांगायचं, हेही बजावलं, कारण तिथे त्यानं सांडणीचं कच्चं दूध प्यायल्याचं ओघात कळलं होतं. उंटांकडून माणसाला येणारा मर्स हा आजार चौदा दिवसांत डोकं वर काढतो. कच्च्या दुधातून येणारा ब्रुसेलोसिस तर कित्येक आठवड्यांनी किंवा महिन्यांनीही निघतो. आमच्या सगळ्या धावपळीत हा माणूसही एक रुग्ण असू शकतो, ही जाणीव आम्हाला संध्याकाळी झाली. ती सकाळीच व्हायला हवी होती.

म्होरकीचा प्रश्न सोमवारी रात्रीच सुटायला हवा होता, कारण मंगळवारी त्याचे वडील ती घ्यायला गावाहून येणार होते. कंपाउंडर काका त्याच्या घरी गेले, पिशवीवर दुसरी पिशवी घालून गाठ मारली आणि घेऊन आले. मी ती जाळायला सांगितली. तो फाटकाबाहेर उभा होता, आत यायची परवानगी नव्हती. त्यानं फक्त एवढंच विचारलं, "धुवून नाई का होनार मॅडम?" मी नाही म्हणाले.

घरी गेलेल्या सात जनावरांच्या मालकांना मी स्वतः फोन केले. चार शेळ्या, एक गाय, दोन बैल, पाच गावं. रोज संध्याकाळी फोन करून तोंड, पाय, ताप, चारा विचारायचा. सोबत आणखी एक विनंती होती : चौदा दिवस जनावर घराबाहेर काढू नका, म्हणजे पोळ्यालाही.

एका बैलवाल्यानं लगेच ऐकलं. दुसरा भडकला. "वर्षातून एक दिवस असते बैलाचा. खांदे शेकायचे, आवतण द्यायचं, आन् तोरणाखाली न्यायचं नाई? गावात तोंड कसं दाखवू?" मी नुकसानीचं, लसीचं, प्रकारांचं बोलत राहिले आणि ते त्यांच्या कानावरून जात राहिलं. शेवटी मी गावात गेले. ओट्यावर त्यांचे वडील बसले होते, पंचाऐंशीच्या पुढचे. त्यांनी ऐकून घेतलं आणि मुलाला म्हणाले, त्यांच्या लहानपणी बुळकांडी, हा गुरांचा जीवघेणा साथीचा रोग, आली होती, आणि दावणीला एक जनावर उरलं नव्हतं. तिथे विषय संपला. आपल्या देशाला बुळकांडीमुक्त म्हणून मान्यता मिळाली २००६ मध्ये, आणि २०११ मध्ये ती जगातून गेली. माझ्या पिढीनं ती फक्त पुस्तकात पाहिली. त्या आजोबांनी पाहिली होती. पोळ्याच्या दिवशी त्यांनी बैलांना अंगणातच झूल घातली, घरीच पुरणपोळी भरवली, आणि गावातली चार माणसं त्यांच्या अंगणात येऊन झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणून गेली. झडत्या म्हणणाऱ्यांनी बैलांना हात लावायचा नाही, हेही त्यांनी पाळलं.

मध्येच निघालेल्या दोन गोष्टी

तिसऱ्या दिवशी कंपाउंडर काकांना सहज आठवलं : ड्रेसरच्या घरमालकाकडे आवारात दोन शेळ्या आहेत. रविवारची रात्र ते बूट त्याच आवारात पडले होते. आम्ही त्याला 'कुठे कुठे गेलास' हे दहा वेळा विचारलं होतं. 'तुझ्या आजूबाजूला काय पाळलेलं आहे' हे एकदाही नाही. यादी अकराची तेरा झाली.

सहाव्या दिवशी फोन आला, एका शेळीच्या ओठांवर फोड आहेत. त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी पशुधन विकास अधिकारी आणि मी सोबतच गेलो, गाडी गावाबाहेर ठेवून, पायांत प्लॅस्टिक चढवून. ओठांच्या कडेला जाड खपल्या होत्या, जीभ आणि हिरड्या स्वच्छ, खुरांमध्ये काही नाही, ताप नाही. मावा, म्हणजे शेळ्यांच्या ओठांवर खपल्या आणणारा वेगळा रोग, वाटत होता. तरी नमुना पशुसंवर्धन विभागामार्फत पाठवला. लाळ खुरकूत नसल्याचं कळलं तेव्हा दहावा दिवस उजाडला होता.

परिणाम

चौदा दिवस पूर्ण झाले. तेरापैकी एकाही जनावराला लाळ खुरकूत झाली नाही. आमच्या खबरदारीमुळे झाली नाही, की मुळात बुटांवर काही नव्हतंच, हे मी कधीच सांगू शकणार नाही.

जे नक्की सांगू शकते ते नुकसान. दुसऱ्या दिवशी, विभाग बंद असताना, एक शेतकरी अडलेली गाय टेम्पोत घालून फाटकाशी आला. पहाऱ्यावरच्या माणसाला 'एकही मोठं जनावर आत नाही' असं सांगितलेलं होतं. त्यानं ते पाळलं. गाय शहराच्या दुसऱ्या टोकाला न्यावी लागली. गाय वाचली, वासरू गेलं. मी तेव्हा आत सोड्याच्या बादल्या मोजत होते. मला कुणी बोलावलं असतं तर फाटकाबाहेरच्या रस्त्यावर, वेगळे कपडे घालून, वेगळ्या सामानानं मी ती गाय सोडवू शकले असते. त्या शेतकऱ्याला नंतर भेटून सगळं सांगितलं. तो काही बोलला नाही.

आज वेगळं काय केलं असतं

सगळ्यांत आधी, प्रश्न परत आल्यावर नव्हे, जाण्याआधी विचारला असता. आता रजेच्या अर्जावर दोन ओळी आहेत : देशाबाहेर जाताय का, आणि तिथे जनावरं, कोंबड्या किंवा डुकरं पाळणाऱ्यांकडे राहणार आहात का. 'हो' असेल तर जाण्याआधीच सांगतो, की तिकडचे बूट तिकडेच सोडा, नाहीतर घासून, भिजवून आणा. मांस, दूध, चामडं, लोकर आणू नका. आणि परत आल्यावर पाच दिवस पगारी सुट्टी आहे. या पाच दिवसांत फक्त रुग्णालयच नव्हे, घरच्या आणि शेजारच्या जनावरांनाही हात नाही. डुकराचं मांस वेगळं लिहिलं आहे, कारण २०२० मध्ये देशात शिरलेला आफ्रिकन स्वाइन फीवर मांसातून सहज प्रवास करतो.

'पगारी' या शब्दावर विश्वस्तांशी दोन बैठका झाल्या. मी तिथे एवढंच मांडलं, की ड्रेसर सोमवारी आला तो बेजबाबदार होता म्हणून नव्हे, घरात किराणा संपला होता म्हणून. पगार कापून पाच दिवस घरी बसवायचा नियम केला, तर पुढचा माणूस चहाच्या वेळी गप्प बसेल. आम्हाला जे काही कळलं ते तो बोलला म्हणूनच कळलं.

मी त्याला सगळ्यांसमोर विचारायला नको होतं. त्या दहा मिनिटांसाठी कंपाउंडर काका नसते, तर म्होरकी मंगळवारी गावाला गेली असती.

बंदी घालताना फाटकावर लेखी द्यायला हवं होतं, की अडलेलं जनावर, पोट फुगलेलं जनावर आलं तर कुणाला हाक मारायची. आता फाटकाजवळच्या खोलीत वेगळी पेटी आहे : गमबूट, हातमोजे, प्रसूतीचे दोर, सोड्याची पुडी.

म्होरकीबद्दल मी अजून विचार करते. लोकर आणि चामडं आतपर्यंत भिजवून निर्जंतुक झाल्याची खात्री देणं कठीण असतं, म्हणून जाळणं चूक नव्हतं. पण त्या रात्री ती बंद पिशवीत सुरक्षितच होती. एक दिवस थांबून, सायट्रिक आम्लात भिजवून, महिनाभर उन्हात आणि कुलपात ठेवून ती पुढच्या पोळ्याला देता येईल का, हे मी अधिकाऱ्यांना विचारू शकले असते. मी घाईत होते आणि 'नाही' म्हणणं सोपं होतं. भाऊ आता दुसरी वळणार आहे, असं ड्रेसर सांगत होता. या वेळी ती कुवेतमध्ये बनणार नाही. भाऊ दिवाळीत घरी येईल, इथलीच लोकर घेईल, इथेच वळेल.

एक गोष्ट अजून अर्धीच आहे. अर्जावरच्या दोन ओळी आणि पाच दिवसांचा पगार आमच्या हजेरीपटावरच्या माणसांना लागू झाला. गोठा झाडणाऱ्या, शेण उचलणाऱ्या कंत्राटी बायामाणसांना नाही. त्यांच्या रजेचा अर्ज आमच्याकडे येतच नाही. त्यांतल्या एकीचा मुलगा शारजात आहे आणि ती हिवाळ्यात त्याच्याकडे जाणार आहे. कंत्राटदाराशी माझं दोनदा बोलणं झालं आहे, तिसरं पुढच्या आठवड्यात आहे.